अंदमानची रंगीत तालीम

बावड्यात पोरगं पोहायला शिकायच्या वयाला आलं की त्याच्या पाठीवर पहिला भोपळा आप्पासाहेबांच्या हातानं बांधायचा, असा रिवाज होता. सुका, वाळून खडखडीत झालेला कडू भोपळा, त्याला सुताची दोरी, आणि दोरीला आप्पासाहेबांची गाठ. गाठ मारून झाली की आप्पासाहेब पोराच्या डोक्यावर हात ठेवीत, त्याला विहिरीत ढकलायचं काम त्याच्या बापाकडे सोपवीत आणि आपण विहिरीच्या काठावरच्या मोठ्या दगडावर बसून सांगत राहत, ‘पाय मार, हात लांब टाक, नाकानं पाणी पिऊ नको.’ गावातली दोन पिढ्यांची पोरं अशी त्यांनी काठावर बसून पोहायला शिकवली. एकही बुडालं नाही. गाठ कधी सैल राहिली नाही, कारण पाण्याची आप्पासाहेबांना वाटे तेवढी भीती त्या पोरांपैकी एकालाही वाटत नसे.

आप्पासाहेबांना पोहता येत नव्हतं.

ही कीर्ती त्यांनी मिळवलेली नव्हती, ती त्यांच्या अंगावर येऊन पडली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नदीपलीकडे चरायला नेलेली म्हैस आणायला आप्पासाहेब गेले आणि इकडे नीरेला पाणी चढलं. म्हशीचं नाव भुरी. तिचं रेडकू अलीकडे दावणीला होतं, त्यामुळे पूर वगैरे गोष्टींचा विचार न करता ती सरळ पाण्यात शिरली. म्हैस हातची जाऊ नये म्हणून आप्पासाहेबांनी तिचं शेपूट धरलं, आणि शेपूट सोडावं की काय हे ठरेपर्यंत पायाखालची जमीन संपली. पुढचं त्यांनी डोळे मिटूनच केलं. अलीकडच्या काठावरच्या लोकांना पुरात एक पटका येताना दिसला आणि मागून, म्हणजे खरं तर पुढं, दोन शिंगं. आप्पासाहेबांनी पुरातून म्हैस ओढून आणली, असं जो तो म्हणाला. काठाला लागल्यावर पोटातलं पाणी निघून तोंडातून शब्द फुटायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तोवर ती हकीकत बाजारापर्यंत पोचली होती. त्यानंतर खरं सांगणं म्हणजे एवढ्या सगळ्या भल्या माणसांना खोटं पाडणं झालं असतं. आप्पासाहेब मुळात भिडस्त.

त्या दिवसाची एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. नवी नवरी दगडाबाई आरतीचं ताट घेऊन नदीवर आली, आणि तिनं आधी म्हशीला कुंकू लावलं, म्हशीला ओवाळलं, भाकरीचा पहिला तुकडाही म्हशीलाच भरवला. नवऱ्याची पाळी मागून आली. दुभत्या जनावरावर बायकांचा जीव असतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पण ती गोष्ट ते विसरले नव्हते.

एवढी वर्षं हे सगळं झाकून राहिलं आणि मरेपर्यंत राहिलंही असतं, पण मध्येच कुंडलिक हवालदार उपटले.

हवालदार इंदापूरचे. लढाई संपल्यावर त्यांची पलटण अंदमानात गेली होती. पेन्शनीत आल्यापासून ते अंदमानाबद्दल अशा थाटात बोलत की जणू ते बेट त्यांच्या वाटणीला आलेलं आहे आणि फक्त सात-बारावर नाव चढायचं राहिलं आहे. त्या साली उसाचा हंगाम संपला, बागाईतदारांच्या हाताला जरा सवड आली, आणि भवानीनगरला चहाच्या दुकानात बसून हवालदारांनी समुद्राचं वर्णन केलं. पाणी असं निळं की धोतर बुडवलं तर निळीचा खर्च वाचावा. बेटामागून बेटं. पाण्याच्या तळाशी पोवळ्यांची बाग, तिच्यात पैठणीच्या काठासारखे मासे, आणि ते बघायचे तर बुडी मारून बघायचे. झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीतून खाडीत शिरायचं, खाडीत सुसरी. जंगल एवढं दाट की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. शहाळं प्यायचं असेल तर माडावर आपणच चढायचं.

भवानीनगरचे ऊसवाले सर्जेराव तिथल्या तिथं तयार झाले. बारामतीचे बापूसाहेब, ज्यांच्या भाजीपाल्याच्या गाड्या पुण्याला जात, तेही तयार झाले. मग दोघांनीही एकदम शेजारी चहा पीत बसलेल्या आप्पासाहेबांकडे बघितलं. बावड्याचे आप्पासाहेब बरोबर असतील तर समुद्र आपलं काय करणार आहे, असं सर्जेराव म्हणाले. आणि ते नसतील तर आपण घरीच बरे, असं बापूसाहेब म्हणाले. आप्पासाहेबांनी चहाच्या कपात बघितलं. त्यात काही सुचलं नाही. ते हो म्हणाले.

आप्पासाहेब अंदमानला चालले ही बातमी बावड्यात पसरली, तेव्हा लोकांनी पहिली चौकशी केली ती कोणतं कलम लागलं याची. त्या गावाला अंदमान म्हणजे काळं पाणी. खून केल्याशिवाय तिकडं कुणी जात नाही आणि सरकारनं पाठवल्याशिवाय कुणाला जाता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन म्हाताऱ्या घरी येऊन दगडाबाईंच्या गळ्यात पडून रडून गेल्या. मेहुणे तर वकीलच बरोबर घेऊन आले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वखुशीनं जाणाऱ्याला सोडवायची कायद्यात तरतूद नाही असं सांगून, जेवून गेले. दगडाबाई मात्र शांत होत्या. त्यांनी तिळाची चटणी कुटायला घेतली.

हवालदारांच्या मते नुसतं जाऊन चालणार नव्हतं. पलटणीत तालमीशिवाय कुणी शिंकतसुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं. तिकडं जे जे करायचं ते आधी इकडं करून बघायचं, म्हणजे परमुलखात गावाची अब्रू जाणार नाही.

पहिली तालीम माडावर चढायची. इंदापूर तालुक्यात माड कुठला, म्हणून ओढ्याकाठची शिंदी धरली. सर्जेराव कमरेला दोरी बांधून वर गेले ते चांगले गेले. उतरण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि झाडाला मिठी मारून डोळे मिटून घेतले. दिवस दारूबंदीचे होते. शिंदीवर माणूस आणि बुंध्याशी तिघे उभे, हा देखावा रस्त्यानं जाणाऱ्या शिपायाला फारच ओळखीचा वाटला. त्यानं ताडीचं मडकं कुठं आहे ते विचारलं. हवालदारांनी त्याला अंदमानची हकीकत पहिल्यापासून सांगितली. शिपायानं शांतपणे ऐकली आणि म्हणाला, “शिंदीवर चढल्यावर पुष्कळांना अंदमान दिसतं.” शेवटी झाडाला मडकंच नाही हे बघून तो गेला. जाताना सर्जेरावांना उतरवायला मात्र त्यानंच खांदा दिला.

दुसरी तालीम होडीची. कारखाना झाल्यापासून सर्जेरावांचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं आणि रस आटवायची मोठी काहील परड्यात पालथी पडली होती. ती ओढ्याच्या डोहात सोडली. काहील बुडत नाही, पण गोल असल्यामुळे तिला पुढं आणि मागं हा भेद कळत नाही. तिघे तिच्यात बसले, वल्ही म्हणून घेतलेली फावडी चालवू लागले, आणि काहील जागच्या जागी गरगर फिरू लागली. बापूसाहेबांना चारी दिशा इतक्या वेळा दिसल्या की त्यांचं सकाळचं खाणं डोहात गेलं. आप्पासाहेब काठावर होते. कुणी पडलंच तर काढायला पोहणारा माणूस मोकळा हवा, असं त्यांनी आधीच सुचवलं होतं, आणि ते तिघांनाही इतकं पटलं की तिघांनी त्यांना काठावरून हलूच दिलं नाही. डोह कमरेएवढा होता.

तिसरी तालीम बुडीची. ती आप्पासाहेबांच्या विहिरीत. पाटाच्या पाझरामुळे त्या विहिरीला चैत्रातही दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल, पाणी असे. हवालदार पितळेचा तांब्या आत टाकणार, एकेकानं बुडी मारून तो वर आणायचा, आणि सुरुवात अर्थातच आप्पासाहेबांनी करायची. गावाला आमंत्रण गेलं. ज्यांनी पूर बघितला होता त्यांनी नातवंडांना सांगून ठेवलं, की बघा आता.

आप्पासाहेबांना अन्न गोड लागेना. आजारी पडावं तर दगडाबाईंचा काढा पाण्यापेक्षा भयंकर. विहीर बुजवावी तर ऊस वाळणार. त्यांना मरणाची भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. बुडाले तर गाव हळहळेल, आणि बाहेर काढलं तर गाव हसेल. आणि गावाचंही एक सोडा, हसं होणार ते दगडाबाईंच्या समोर. त्या बाईनं पुरातून म्हैस ओढून आणणाऱ्या माणसाशी इतकी वर्षं संसार केला होता. तिला ह्या वयात काय तोंड दाखवायचं.

उपाय एकच होता, आणि तो त्यांच्याच हातातला होता. भोपळा. पोटावर भोपळा बांधायचा, वर सैल कोट घालायचा. पोट मूळचंच पुढं आलेलं, त्यात आणखी थोडं आलं तर कोण बघतो. पण बावड्यात कुणाकडे भोपळा मागायची सोय नव्हती. गावात भोपळा ही पोरासोरांची वस्तू. मिसरूड फुटलेल्या गड्याच्या पाठीला भोपळा दिसला तर त्याच्या लग्नाच्या वेळेपर्यंत लोक आठवण काढीत. म्हणून ते बाजारच्या दिवशी इंदापूरला गेले आणि ठमाबाईपुढं उभे राहिले. ठमाबाई भोपळ्यांची बागवानीण. तिचे वाळलेले भोपळे तंबोरे आणि वीणा करणारे लांबून येऊन नेत. आप्पासाहेबांनी चांगला गरगरीत भोपळा निवडला आणि भजनासाठी वीणा करायची आहे असं सांगितलं.

ठमाबाईनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. “तुमी बी?” ती म्हणाली.

त्या शब्दांकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत आप्पासाहेब नव्हते. हे कुणापाशी बोलायचं नाही, गावाला एकदम वाजवूनच दाखवायची आहे, एवढं बजावून त्यांनी भोपळा घोंगडीत गुंडाळला. ठमाबाईनं आळंदीची शपथ घेतली आणि पाळलीही. तिनं भजनातल्या बायकांखेरीज कुणालाही सांगितलं नाही.

तालमीच्या दिवशी सकाळीच विहिरीभोवती माणूस मावेना. आप्पासाहेब कोट घालून आले. ऊन चांगलं तापलं होतं, तरी सर्जेराव घोंगडी पांघरून आले होते. बापूसाहेबांनी पावसाळी डगला घातला होता आणि बारामतीहून येईपर्यंत त्यांचं वजन वाढल्यासारखं वाटत होतं. हवालदार पलटणीच्या जाड लोकरी बरानकोटात होते आणि दोन्ही हात अंगापासून दूर धरून चालत होते. सगळ्यांना एकाच वेळी हिवताप आला असावा, असं आप्पासाहेबांना वाटलं. अधिक चौकशी त्यांनी केली नाही. त्या सकाळी कपड्यांवरून चौकशी करावी असं चौघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

हवालदारांनी समुद्रावर छोटं भाषण केलं आणि तांब्या विहिरीत टाकला. तो बुडबुडे सोडत खाली गेला, आणि आप्पासाहेबांना त्याची करुणा आली.

“चला आप्पासाहेब,” हवालदार म्हणाले.

आप्पासाहेब पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेले, मागोमाग बाकीचे तिघे. पाणी हिरवं, थंड आणि कसल्याही घाईत नसलेलं. तिथं त्यांना रीतभात आठवली. विहीर आपली, म्हणजे आपण यजमान, आणि पाहुण्याआधी यजमान पंगतीला बसत नाही. तेव्हा पहिला मान बापूसाहेबांचा. बापूसाहेब म्हणाले, वयानं सर्जेराव वडील. सर्जेराव म्हणाले, छे छे, पाण्याला वय नसतं, पुढारी हवालदार आहेत. हवालदार म्हणाले, पलटणीत पुढारी सर्वांच्या मागून येतो. असा तो मान चौघांत फिरू लागला, त्या काहिलीसारखा, आणि फिरून पुन्हा आप्पासाहेबांपाशी आला. वरच्या माणसांना हे सारं फार खानदानी वाटलं. पण ऊन वाढत होतं.

तेवढ्यात टाळांचा आवाज आला. ठमाबाई भजनाच्या सगळ्या बायका घेऊन इंदापुराहून बैलगाडीनं आली होती. बायका लिंबाखाली बसल्या, पदर सावरले, टाळ मांडीवर घेतले आणि वाट बघू लागल्या. बऱ्याच वेळानं ठमाबाई उठून काठावर आली आणि खाली वाकली.

“आप्पासाहेब, सुरू कवा करायचं? वीणा कुठं हायत?”

“कसल्या वीणा?” हे हवालदारांनी विचारलं, आणि जरा जास्तच लवकर विचारलं.

“अवो, कसल्या म्हंजे? एक भोपळा आप्पासाहेबांनी न्हेला, एक सर्जेरावांनी, एक ह्या बारामतीच्या सायबांनी. तुमी तर दोन न्हेलं. समद्यांनी मला वीणेलाच म्हणून सांगितलंय. म्हणलं, येवढ्या वीणा एका जागी आमच्या मुलखात कुणी ऐकल्याती? म्हणून आलो समद्या.”

बापूसाहेब तोंड लपवायला भिंतीकडे वळले, आणि त्यांचं पोट दगडाला लागून ठक्क असं पोकळ वाजलं. विहिरीतून तो आवाज वरपर्यंत गेला.

आप्पासाहेबांनी एकेकाच्या अंगाकडे बघितलं. घोंगडी, डगला, बरानकोट. मग त्यांना ठमाबाईचं ‘तुमी बी’ आठवलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा श्वास पोटाच्या खालपर्यंत गेला. त्यांनी वर बघितलं. काठावर दगडाबाई उभ्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी कोटाच्या गुंड्या काढल्या. पोटावर भोपळा होता, दोरीची गाठ नेहमीसारखी सुबक.

“मला पवता येत न्हाय,” ते म्हणाले. “कवाच येत नव्हतं. पुरात मी म्हशीला आणलं न्हाय. म्हशीनं मला आणलं.”

एवढं वाक्य पोटात वागवायला इतकी वर्षं लागली आणि बाहेर यायला एक दमही लागला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

सर्जेरावांनी घोंगडी टाकली. बापूसाहेबांनी डगला काढून घाम पुसला. राहता राहिले हवालदार. त्यांनी बरानकोट उघडला तेव्हा दोन्ही कुशींना एकेक भोपळा होता.

“मला बी न्हाय,” हवालदार म्हणाले.

“मग अंदमानात समुद्राच्या तळाला काय तुमचा आजा गेलता?” सर्जेरावांनी विचारलं.

“तितं मी कोठीवर हुतो. समुद्र बघितला त्यो कोठीच्या खिडकीतनं. पोवळी एका मद्राशानं सांगितली. त्यो खरं बोलायचा.”

मग हसू आलं. पहिल्यांदा वरच्या कुणाला तरी आलं, आणि ते पायऱ्यांवरून उतरत खाली चौघांपर्यंत पोचलं. सिद्धू म्हणून एक गडी होता, लहानपणी आप्पासाहेबांकडेच भोपळा बांधून घेतलेला. तो काठावरून ओरडला, की मग आमाला पवायला शिकवलं कुणी? “भुरीनं,” सर्जेराव खालून म्हणाले, आणि गावानं ते मान्य केलं.

आप्पासाहेब मात्र हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. दगडाबाई पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ आल्या होत्या. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता.

“तुला आधी सांगाया पायजे हुतं,” आप्पासाहेब हळू म्हणाले.

“त्यात सांगायचं काय राह्यलंय?” दगडाबाई म्हणाल्या. “त्या दिशी मी आधी ववाळलं कुणाला हुतं?”

मनाला लागून राहिलेला तो भाकरीचा तुकडा आप्पासाहेबांना आठवला, आणि म्हशीच्या कपाळावरचं कुंकू. एवढी वर्षं त्यांनी त्या गोष्टीचा राग धरला होता.

“मग कवा बोलली न्हाईस ते?”

“तुमी पोरास्नी भोपळं बांधत हुता, एक बी बुडत नव्हतं. मग कशाला बोलू?” त्यांनी त्यांच्या पोटावरची गाठ ओढून बघितली. “ही सोडा. भोपळा पाठीला बांधायचा असतो. पोटाला बांधून पाण्यात गेला असता तर पाय वर आन् डोकं खाली झालं असतं. दुसऱ्यांस्नी सांगता, आन् आपलं आपल्याला कळत न्हाय?”

हे मात्र खरं होतं. भीतीच्या भरात आप्पासाहेब आपलीच विद्या विसरले होते. त्यांनी आपला भोपळा सोडला, आणि आधी त्या तिघांच्या पाठीला त्यांचे भोपळे बांधून दिले, सगळ्यांसमोर, एकेक गाठ दोनदा ओढून. हवालदारांना दोन. आप्पासाहेबांच्या पाठीचा भोपळा दगडाबाईंनी बांधला. रिवाजाप्रमाणे डोक्यावर हात काही त्यांनी ठेवला नाही, पण ढकलायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवलंही नाही.

पाणी नाकातोंडात गेलं, हिरवा अंधार झाला, आणि मग पाठीवरच्या भोपळ्यानं त्यांना भुरीसारखंच, फार विचार न करता, वर आणलं. ते तरंगत होते. आभाळ दिसत होतं आणि आभाळाच्या कडेनं गावाची डोकी. शेजारी सर्जेराव तरंगत होते, पलीकडे बापूसाहेब, आणि हवालदार दोन भोपळ्यांमुळे सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. तांब्या तळाशीच राहिला. तो काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी सिद्धूनं काढून दिला.

इतक्या लांब आलोय तर रिकामं कशाला जायचं, म्हणून ठमाबाईनं लिंबाखाली भजन सुरू केलं. वीणेवाचून.

दगडाबाई काठावरच्या मोठ्या दगडावर जाऊन बसल्या, आप्पासाहेबांच्या जागेवर.

“पाय मारा,” त्या म्हणाल्या. “हात लांब टाका. नाकानं पाणी पिऊ नगा. आन् जमलं की मला बी शिकवा. येवढी चटणी कुटलीया ती काय तुमच्या एकट्यासाठी न्हाय. मी बी येणार हाय त्या अंदमानला.”

आप्पासाहेबांनी पाय मारले.